स्मृतिसभा कशी आखावी: नाशिकमध्ये आठवणींचा कार्यक्रम करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

घरचं माणूस गेल्यावर विधींखेरीज एक छोटा आठवणींचा कार्यक्रम करू, असं हल्ली बऱ्याच घरांत ठरतं. मग पहिला फोन हॉलला जातो, दुसरा फ्लेक्सवाल्याला आणि तिसरा ओळखीतल्या एखाद्या पुढाऱ्याला, "दोन शब्द बोला" म्हणून. गडबड इथूनच सुरू होते. अडीचशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये ऐंशी माणसं विखरून बसतात. वक्ते नऊ असतात आणि त्यातल्या निम्म्यांना गेलेल्या माणसाचं टोपणनावही माहीत नसतं. "मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख व्यक्तिमत्त्व" हे शब्द सात वेळा ऐकून लोक चहा पिऊन घरी जातात.

हे टाळायला जास्त पैसा लागत नाही, क्रम सरळ लागतो. आधी माणूस, मग माणसं, मग जागा आणि सगळ्यात शेवटी सजावट. खालचे टप्पे साधारण ८० ते १५० लोकांच्या, दीड तासाच्या कार्यक्रमासाठी आहेत. हाताशी तीन आठवडे आहेत असं धरलं आहे.

## टप्पा १: विधी वेगळे काढा, मग तारीख धरा

दशक्रिया आणि सभा एकाच दिवशी ठेवू नका. रामकुंडावर पिंडाला कावळा कधी शिवेल, हे कोणी सांगू शकत नाही. अकराची सभा मग साडेबाराला सुरू होते आणि घरचे लोक उपाशी, दमलेले असतात. तेराव्यालाही नको. त्या दिवशी पंगती असतात, भटजी असतात आणि येणाऱ्याचं अर्धं लक्ष जेवणाकडे असतं.

चांगली वेळ म्हणजे जाण्यापासून तीन ते पाच आठवड्यांच्या आतला एखादा रविवार. तोवर फोटो गोळा होतात, बाहेरगावच्यांना रजा काढता येते आणि घरच्यांना चार वाक्यं सलग बोलण्याइतकी उसंत मिळते. त्यांचा जन्मदिवस जवळ असेल तर तोही चांगला. देहदान केलं असेल किंवा विधी करायचेच नसतील तर सभा हाच निरोप असतो. तेव्हा आठ-दहा दिवसांत करा, आणि कार्यक्रम लहान ठेवा.

तारीख पक्की करण्याआधी हे बघा:

- लग्नाची दाट तिथ असेल तर हॉल, आचारी आणि साउंडवाला तिन्ही अडकलेले असतात. पितृपक्षात हॉल सहज मिळतात, पण घरोघरी श्राद्धं असतात. म्हणून सकाळऐवजी संध्याकाळ ठेवा.
- निफाड, दिंडोरीकडचे नातेवाईक द्राक्षबागायतदार असतील तर ऑक्टोबर छाटणीचे दिवस आणि फेब्रुवारी-मार्चची काढणी टाळा. मजूर लावलेले असताना बाग सोडून कोणी येत नाही, आणि आलं नाही म्हणून मागून बोलण्यात अर्थ नाही.
- जुलै ते सप्टेंबर गोदाकाठी काहीही ठरवू नका. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की काठावरचे रस्ते बंद होतात. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय, हे बघून कार्यक्रम हलवायची वेळ येऊ नये.
- सिंहस्थात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मधल्या अमृतस्नानांच्या आगेमागे, पंचवटी आणि त्र्यंबक रोडच्या बाजूचं ठिकाण धरू नका.

वेळ ठरवताना मुंबईच्या पाहुण्यांची गाडी धरा. सकाळची तपोवन एक्स्प्रेस साधारण पावणेदहा-दहाला नाशिकरोडला येते. तिथून गावात यायला अर्धा-पाऊण तास आणि द्वारका चौकात अडकलं तर त्याहून जास्त. म्हणून ११ ही सुरुवात बरोबर आणि १० चुकीची. गाडीची त्या दिवसाची वेळ मात्र स्वतः तपासा. पुण्याहून रस्त्याने येणाऱ्यांना पाच तास लागतात असं धरून चाला.

तपासा: तारीख जाहीर करण्याआधी ज्यांच्याशिवाय सभा होऊच शकत नाही अशा तीन माणसांना विचारलंय का? बहुतेक वेळा हे तिघं म्हणजे एक भावंड, एक जुना मित्र आणि परदेशातलं एक मूल.

## टप्पा २: सूत्रं एकाच्या हातात

सूत्रधार एकच असावा, आणि तो सगळ्यात जवळचा माणूस नसावा. मुलगा किंवा पत्नी यांच्यावर हे काम टाकलं तर सभेच्या दिवशी ते साउंडवाल्याशी भांडत असतात आणि आलेल्यांशी बोलायला कोणी उरत नाही. जावई, पुतण्या, भाची, शेजारच्या काकू यांपैकी कोणीही चालेल. माणूस फोन उचलणारा आणि वेळ पाळणारा हवा, एवढीच अट.

घरच्यांनी बसून चार गोष्टी ठरवायच्या आणि सूत्रधाराला सांगून मोकळं व्हायचं:

1. खर्च किती आणि कोण करणार. भावंडांत वाटायचा असेल तर आकडा आधीच बोलून घ्या. नंतर हाच विषय वर्षभर पुरतो.
2. पूजा, आरती, पसायदान, मौन यांपैकी काय हवं, काय नको.
3. जोडीदाराला काय झेपेल. तीन तास खुर्चीत बसून प्रत्येकाचा नमस्कार घेणं ही शिक्षा आहे.
4. काय बोलायचं नाही. आजारपणाचे तपशील, शेवटचे आयसीयूतले दिवस, जमिनीचा वाद, उसने दिलेले पैसे. ही यादी कागदावर लिहा. प्रत्येक वक्त्याला ती तोंडी सांगायची असते.

## टप्पा ३: माणूस गोळा करा

हाच टप्पा बहुतेक जण गाळतात आणि सभा कोणाचीही वाटते ती त्यामुळेच.

वेगवेगळ्या वर्तुळांतली पाच-सहा माणसं दोन तास एकत्र बसवा: घर, नोकरी, शेजार, छंद, लहानपण. एकाने लिहून घ्यायचं. "ते कसे होते?" असं विचारू नका, कारण उत्तर "फार चांगले" असंच येतं. असं विचारा:

- सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं?
- कशावर हमखास चिडायचे?
- त्यांचं ठरलेलं वाक्य कोणतं?
- पाकिटात किंवा पिशवीत कायम काय असायचं?
- कोणाला, न सांगता, काय मदत केली?
- कोणती गोष्ट कधीच जमली नाही?

शेवटचा प्रश्न सोडू नका. ज्या सभेत कोणीच हसत नाही, तिथे माणसाचा फक्त फोटो उरतो.

जमलेल्या मजकुरातून तीनच धागे निवडा. समजा, ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले नाना आहेत. धागे असे निघतील: कुठलंही बिघडलेलं यंत्र उघडून बसणं, गुरुवारचं भजनी मंडळ आणि रोज सायकलवरून सोमेश्वरपर्यंत फेरी. आता वक्ते, वस्तू, गाणी, खाणं या तीन धाग्यांवरूनच ठरवायचं. नानांनी १९८० च्या दशकात कोणत्या समितीवर काम केलं, ते धाग्यात बसत नसेल तर कागदावर राहू द्या.

प्रत्येक भागाला एक कसोटी लावा: हे दुसऱ्या कोणाच्या सभेत जसंच्या तसं चाललं असतं का? चाललं असतं, तर काढून टाका.

सावध: त्यांचा मोबाइल आणि नंबर घाईने बंद करू नका. फोटो, व्हॉइस मेसेज आणि नोंदी आधी दुसरीकडे उतरवून घ्या. रिचार्ज नसलेला नंबर काही महिन्यांत जातो आणि सलग १२० दिवस न वापरलेलं व्हॉट्सअ‍ॅप खातंही साधारणपणे काढून टाकलं जातं. त्यांच्या आवाजातला "अरे, पोचलास का?" एवढा मेसेजही सभेत दहा भाषणांना भारी पडतो.

## टप्पा ४: यादी करा, मग जागा बघा

"शंभर-दीडशे येतील" ही यादी नव्हे. नावं लिहा, वर्तुळानुसार. नावासमोर "नक्की", "बहुधा", "कळवायचं फक्त" अशी खूण करा. खुर्च्या "नक्की" अधिक "बहुधा"चे निम्मे इतक्याच मांडा. बाकीच्या भिंतीला रचून ठेवा. आयत्या वेळी खुर्ची आणून देणं शोभतं. रिकाम्या रांगा मात्र घरच्यांना टोचतात.

साठ माणसांपर्यंत सोसायटीचा हॉल किंवा गच्ची पुरते. गच्ची धरली तर मे महिन्यात संध्याकाळी सहाच्या आधी नाही आणि पावसाळ्यात अजिबात नाही. त्यापुढे सभागृह. सार्वजनिक वाचनालयाचं औरंगाबादकर सभागृह, कुसुमाग्रज स्मारक, गंगापूर रोडचं शंकराचार्य संकुल ही भाषणं ऐकायला सरावलेली ठिकाणं आहेत. कालिदास कलामंदिर किंवा साईखेडकर नाट्यगृह शंभर लोकांसाठी घेऊ नका. तिथे खुर्च्या हलत नाहीत, मंच दूर आणि उंच असतो, आणि आठवण सांगणारा माणूस नट वाटायला लागतो. मंगल कार्यालय घेणार असाल तर शेजारच्या हॉलमध्ये त्या वेळी लग्न नाही ना, हे विचाराच. मधेच बँड सुरू झाला की काही करता येत नाही.

जागा फोनवर ठरवू नका. ज्या वारी, ज्या वेळी सभा आहे, त्याच वेळी जाऊन बघा. रविवारी सकाळी शालिमार-मेन रोडला गाडी लावायला जागा मिळते का, हे मंगळवारी दुपारी जाऊन कळत नाही. तिथे गेल्यावर:

- पायऱ्या किती? लिफ्ट चालू आहे का? गुडघे दुखणाऱ्या आत्याबाईंना घेऊन जा, सगळं लक्षात येईल.
- स्वच्छतागृहात कमोड आहे का?
- वीज गेली तर जनरेटर कोण सुरू करतं, आणि त्याला किती वेळ लागतो?
- ताबा किती वाजता मिळेल? ९ हवा. "साडेदहाला उघडतो" म्हणाले तर पुढे चला.
- चहा-नाश्ता बाहेरून आणता येतो का? उरलेलं कुठे टाकायचं?
- पडद्यावर उन्हाची तिरीप येते का? अकराच्या उन्हात फिका पडलेला स्लाइड शो कोणालाच दिसत नाही.

मंचावरचा सोफा नको म्हणून सांगा. घरच्यांनी पहिल्या रांगेत, कडेला बसावं, म्हणजे उठून बाहेर जायचं झालं तर चार जणांना ओलांडावं लागत नाही. मधली वाट चार फूट ठेवा, व्हीलचेअर जाते.

## टप्पा ५: निमंत्रण

दहा-बारा दिवस आधी एकदा, दोन दिवस आधी आठवण म्हणून पुन्हा. व्हॉट्सअ‍ॅप न वापरणाऱ्यांना फोन करा. साठीपुढच्या मित्रांना कार्ड नको असतं, "तुम्ही याच" असं कोणीतरी म्हणायला हवं असतं. वर्तमानपत्रात द्यायचं असेल तर मजकूर दोन दिवस आधी पोचवा आणि छापण्याआधीचा नमुना स्वतः वाचा. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ घरच्यांइतका दुसऱ्या कोणालाच दिसत नाही.

मजकूर साधा ठेवा. नमुना:

> नानांना जाऊन महिना होईल. त्यांच्या आठवणी सांगायला आणि ऐकायला रविवारी सकाळी ११ वाजता जमत आहोत. साडेबारापर्यंत कार्यक्रम, नंतर चहा-नाश्ता. कृपया हार, पुष्पचक्र, शाल आणू नये. नानांचा एखादा जुना फोटो किंवा त्यांनी दुरुस्त करून दिलेली वस्तू असेल तर जरूर आणावी, परत मिळेल. मुलांना घेऊन या. गाड्या हॉलच्या मागच्या मैदानात.

संपण्याची वेळ लिहिली की लोक शेवटपर्यंत थांबतात. फक्त सुरुवातीची लिहिली तर सव्वाबारापासून चुळबुळ सुरू होते. "पांढरे कपडे नसले तरी चालतील" असं सांगायचं असेल तर तेही लिहा, नाहीतर तरुण मंडळी त्या एका कारणाने कचरतात.

सावध: जाहीर मजकुरात पूर्ण जन्मतारीख आणि घरचा पत्ता टाकू नका. सभेच्या वेळी घर रिकामं आहे, हे सगळ्या गावाला कळवण्यासारखं ते होतं. घरी एक माणूस थांबवा.

## टप्पा ६: फोटो, वस्तू, पडदा

मुख्य फोटो. आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावणं ही सर्रास होणारी चूक. लग्नाच्या, सहलीच्या, अंगणातल्या फोटोंतून असा निवडा की बघणारा म्हणेल, "हे असेच बसायचे." मोबाइलवर चकचकीत करून घेऊ नका. सुरकुत्या पुसल्या की चेहरा परका होतो.

१२ × १८ इंच हा आकार शंभर माणसांच्या हॉलला पुरतो. त्यासाठी फोटो किमान १,८०० × २,७०० पिक्सेलचा हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि छापल्यावर फुटतो. मूळ फाइल "डॉक्युमेंट" म्हणून मागवा. जुना कागदी फोटो असेल तर मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका, स्कॅन करून घ्या. छपाई मॅट कागदावर. ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि समोरून चेहऱ्याऐवजी पांढरा पट्टाच दिसतो.

हार एकच, हलका. निशिगंध किंवा मोगरा चालेल, पण हाराने हनुवटी झाकू नका. आलेल्या प्रत्येकाने फुलं वाहायची असतील तर परडीत सुटी शेवंती किंवा गुलाब ठेवा. शंभर जणांना दीड-दोन किलो शेवंती पुरते. पहाटे फुलबाजारातून आणलेली ओल्या फडक्यात ठेवली तर दुपारपर्यंत टिकतात. नंतर निर्माल्य गोदावरीत नको, निर्माल्य कलशात किंवा घरच्या कंपोस्टला. समई पंख्याखाली ठेवलीत तर भाषणाच्या मधेच विझेल आणि सगळा हॉल कुजबुजेल. जागा आधी बघा किंवा काचेची चिमणी लावा.

वस्तूंचं टेबल. सजावटीचे सगळे पैसे वाचवून इथे लक्ष घाला. सहा फुटी टेबल, त्यावर साधी चादर आणि आठ ते बारा वस्तू. पंचवीस ठेवल्या की ते प्रदर्शन होतं, कोणी थांबत नाही. मानचिन्हं आणि शाली एकदोनच. त्या बहुतेकांकडे सारख्याच असतात. वापराच्या वस्तू हव्यात: दोऱ्याने बांधलेला चष्मा, अर्धवट भरलेलं शब्दकोडं, छाटणीची कात्री, विणायला घेतलेला आणि राहून गेलेला स्वेटर सुयांसकट.

प्रत्येक वस्तूपुढे एक चिठ्ठी, वीस-पंचवीस शब्दांची, दोन फुटांवरून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. "नानांचा रेडिओ" एवढं लिहून काही होत नाही. असं लिहा: "हा रेडिओ चार वेळा उघडला. दर वेळी एक स्क्रू उरायचा. उरलेले चार शेजारच्या डबीत आहेत." आणि ती डबी खरंच शेजारी ठेवा. लोक ती हलवून बघतात आणि तिथेच बोलायला लागतात. टेबल दाराजवळ ठेवा, म्हणजे लवकर आलेल्यांना काही करायला मिळतं आणि अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागतात. दागिने, मूळ कागदपत्रं, एकुलता एक फोटो टेबलावर नको. एक नातवंड तिथे उभं ठेवा, राखायला आणि सांगायलाही.

स्लाइड शो. ५० ते ६० फोटो, प्रत्येकी ६ सेकंद, म्हणजे पाच-सहा मिनिटं. याच्या पुढे बघणारे पडद्यावर स्वतःला शोधायला लागतात. क्रम वर्षांचा लावण्यापेक्षा धाग्यांचा लावा. दवाखान्यातले फोटो नकोत. कोणत्या फोटोत घटस्फोटित सून किंवा बोलणं बंद असलेला भाऊ आहे, हे घरच्या एका जाणत्या बाईकडून तपासून घ्या. फाइल पेन ड्राइव्हवर, लॅपटॉपवर आणि मोबाइलवर अशी तीन ठिकाणी ठेवा. इंटरनेटवरून चालवायच्या भरवशावर राहू नका. परदेशातल्यांसाठी थेट प्रक्षेपण करणार असाल तर मागे चित्रपटगीत वाजवू नका, हक्काच्या कारणावरून आवाज मधेच बंद होतो. त्याऐवजी भजनी मंडळाच्या कोणाकडून हार्मोनियमवर चाल वाजवून घ्या.

## टप्पा ७: बोलणारे

पाच वक्ते, प्रत्येकी तीन ते चार मिनिटं. चार मिनिटं म्हणजे सावकाश वाचल्यास साडेचारशे शब्दांच्या आत, हाताने लिहिलेली साधारण दीड-दोन पानं. लिहूनच आणायला सांगा. "मी असंच बोलेन" म्हणणारा माणूस बारा मिनिटं घेतो आणि मुख्य आठवण विसरतो.

निवड वर्तुळांतून करा. घरकामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन, वाण्याचा मुलगा यांच्याकडे बहुधा सगळ्यात ताज्या गोष्टी असतात. त्यांना मंचावर ओढू नका. सूत्रसंचालकाने त्यांच्या शेजारी जाऊन दोन प्रश्न विचारावेत, माइक स्वतःच्या हातात ठेवून. आणि वक्त्यांच्या यादीत सगळे पुरुषच आलेत का, ते बघा. बहुतेक वेळा आलेले असतात.

प्रत्येकाला फोन करून हे सांगा: एकच प्रसंग सांगा, तो कुठे आणि कधी घडला ते सांगा, त्यांचं एखादं वाक्य जसंच्या तसं सांगा. विशेषणं नकोत, स्वतःचा परिचय नको, कविता पाठ येत असली तरी नको.

क्रम हुद्द्याने लावू नका. पहिला वक्ता आवाज न थरथरता बोलू शकणारा असावा. दुसरा हसवणारा. तिथे हॉल सैल होतो आणि पुढच्यांना मोकळं बोलता येतं. मुलगा-मुलगी शेवटी, आणि त्यांच्या भाषणाची दुसरी प्रत सूत्रसंचालकाच्या खिशात. बोलणाऱ्याचा कंठ दाटला तर आधी वीस-तीस सेकंद थांबा. लगेच पाण्याचा ग्लास घेऊन धावू नका. मग हळूच विचारा, "पुढचं मी वाचू का?"

पुढारी किंवा संस्थेचे पदाधिकारी आले तर सूत्रसंचालकाने नाव घेऊन "आपण आलात, घरच्यांना बरं वाटलं" एवढं म्हणावं. माइक त्यांच्या हातात जायला नको. आग्रह झालाच तर "सगळ्यांसाठी कार्डं ठेवली आहेत, दोन ओळी जरूर लिहा" हे उत्तर तयार ठेवा. आयत्या वेळी बोलू इच्छिणाऱ्यांसाठी दहा मिनिटं वेगळी काढा, चिठ्ठी देऊन नाव घ्या आणि तिघांवर थांबा.

दीड तासाचा आराखडा असा:

- ११:०० दीप, एक अभंग (६ मिनिटं)
- ११:०६ सूत्रसंचालक: माणसाची ओळख, तीन धागे (५)
- ११:११ पहिले तीन वक्ते (१२)
- ११:२३ स्लाइड शो (६)
- ११:२९ जागेवरून बोलणारे, दोन-तीन (१०)
- ११:३९ उरलेले दोन वक्ते (८)
- ११:४७ आयत्या वेळचे (१०)
- ११:५७ त्यांच्या आवाजातली ध्वनिफीत किंवा आवडतं भजन (५)
- १२:०२ घरच्यांपैकी एक (५)
- १२:०७ दोन मिनिटं मौन, पसायदान (५)

१२:१२ ला संपतं असं दिसतं. संपणार नाही. ती अठरा मिनिटं कार्यक्रम स्वतःच खातो, म्हणून ती भरायच्या मोहात पडू नका.

## टप्पा ८: चहा-नाश्ता

त्यांच्या आवडीचा एक पदार्थ पुरे. वाटली डाळ, गुळपोळी, ओल्या भुईमुगाच्या शेंगा, काहीही. शेजारी "हे त्यांना रात्री अकरालाही चालायचं" अशी चिठ्ठी. तारीख एकादशी किंवा चतुर्थीची असेल तर साबुदाण्याचं काहीतरी हवंच, कारण उपास करणारे काही न बोलता तसेच निघून जातात.

शंभर जणांच्या चहाचा हिशेब: लहान कप, १२० धरा. दूध ६ लिटर, पाणी तेवढंच, साखर १ किलो, चहा पावडर पाव किलोच्या थोडी वर. बिनसाखरेचा वेगळा थर्मास, ठळक लेबल लावून. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे तीन जार. चहा १२ ला उकळायला ठेवा, ११ ला नाही. शेवटच्या भाषणात आल्याचा वास दरवळला की अर्धं लक्ष तिकडे जातं.

चहाच्या टेबलाशेजारी कोरी कार्डं आणि पेनं ठेवा. "आठवण लिहा" म्हटलं की लोक "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहितात. कार्डावर आधीच छापा: "त्यांनी मला एकदा…" वाक्य पुरं करणं कोणालाही जमतं.

## टप्पा ९: आदला दिवस आणि तो दिवस

आदल्या दिवशी शक्य असेल तर हॉलमध्येच, नाहीतर सकाळी ९ वाजता:

- दोन माइक, त्यातला एक वायरचा. कॉर्डलेसचे सेल नवे. साउंडवाला संपेपर्यंत हजर राहील हे बोलून घ्या. "लावून जातो" चालणार नाही.
- स्लाइड शो पूर्ण बघा, आवाजासकट, हॉलच्याच प्रोजेक्टरवर. देवनागरी अक्षरं तुटत नाहीत ना?
- वक्त्यांची नावं सूत्रसंचालकाने मोठ्याने वाचून दाखवावीत.
- दाराशी दोन माणसं: एक वाट दाखवायला, एक गाड्यांकडे.
- जोडीदारासाठी बाजूची एक शांत खोली किंवा कोपरा, पाणी, औषधं आणि सोबत एक मैत्रीण. तिला सांगून ठेवा, "अर्ध्या तासाने एकदा उठवून न्या."
- रेकॉर्डिंग एका मोबाइलवर, तिपाईवर, चार्जर लावून आणि विमान मोडवर. मधेच फोन वाजला की रेकॉर्डिंग तुटतं.

सुरुवात ११:०५ च्या पुढे नेऊ नका. "अजून अमुक यायचेत" हे कारण प्रत्येक सभेत असतं.

## टप्पा १०: पुढचे पंधरा दिवस

लोकांनी आणलेल्या वस्तू आणि फोटो त्याच दिवशी परत करा. प्रत्येकावर पेन्सिलने नाव लिहिलेलं असावं. फोटोच्या मागे बॉलपेन नको, ठसा पुढे उमटतो. सभेत जमलेले फोटो एका ठिकाणी ठेवा आणि प्रत्येकाला वर्ष, ठिकाण, माणसांची नावं द्या. हे काम आत्याबाई आहेत तोवरच होतं. रेकॉर्डिंगचे वक्त्यानुसार तुकडे करून ज्याचं त्याला पाठवा. दीड तासाची सलग फाइल कोणी उघडत नाही.

देणगी द्यायची ठरली असेल तर संस्थेला आधी विचारा. जुनी पुस्तकं सरसकट घेणारी वाचनालयं कमी आहेत. यादी पाठवा, त्यांना हवी ती निवडू द्या. झाड लावायचं असेल तर जून-जुलैत, स्थानिक जातीचं: करंज, बहावा, कडुनिंब. खड्डा २ × २ × २ फूट, आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालणारा माणूस नावानिशी ठरलेला हवा. सार्वजनिक जागेत लावणार असाल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारून.

आभाराचा मेसेज आठवड्याच्या आत, एका फोटोसह. ज्यांना यायला जमलं नाही त्यांना कार्डांवरच्या चार-पाच ओळी टाइप करून पाठवा, आणि त्यांच्या वाट्याची ओळ मागवा: "त्यांनी मला एकदा…" अशी उत्तरं महिनाभर येत राहतात. कार्डं एका वहीत चिकटवा आणि या उत्तरांसाठी तिच्यात दहा-बारा पानं कोरी सोडा.